दीड दिवसाची सहल

आमच्या ह्यांना हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही. तोंडाने एक वाक्य आणि हातांनी तीन. जेवताना पंचाईत व्हायची, कारण एका हातात चमचा. त्यावर यांनी लहानपणीच तोडगा काढला होता. चमचा भातात उभा रोवायचा, दोन्ही हात मोकळे करायचे आणि मग सुरू व्हायचं. न्युरेम्बर्गच्या आमच्या घरात अठ्ठावीस वर्षं मी हे बघत आले. पाहुणे असले की मी डोळे वटारायची, हे चमचा काढायचे आणि पुढच्या वाक्याला परत रोवायचे.

नाव शरदचंद्र. जर्मन जिभेला ते झेपत नाही, म्हणून ऑफिसात 'हेर शरद'. एका मोठ्या कंपनीच्या टेस्ट लॅबमध्ये विजेच्या मोटारी तासन् तास चालवून बघायचं यांचं काम. आत फोन नेता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी याचा उपयोग केला आहे. स्वभाव असा की घरातल्या लोणच्याच्या बरणीवरसुद्धा घातल्याची तारीख लिहितात, आणि तारखेखाली वेळ. आमची अन्वी लहानपणी विचारायची, 'पापा, लोणच्याला घड्याळ कळतं का?' आणि ते जर्मनमध्ये विचारायची, त्यामुळे आणखीच हसू यायचं.

यांची आई हे चार वर्षांचे असताना गेली. वाढवलं ते मिरजेच्या मनोरमाआत्यांनी. स्वतःची शुभा पदरात होती, तरी भाच्याला आणून ठेवला. दर रविवारी सकाळी यांचा मिरजेला फोन ठरलेला. अर्धा तास आत्या बोलणार आणि हे रिकाम्या खोलीत हात हलवत हुं हुं करणार. आत्यांना मी नावं ठेवावीत असं त्यांनी कधी काही केलं नाही, आणि हीच माझी अडचण होती. चिडायला नीट कारण मिळत नव्हतं, तरी मी चिडायचे.

का, ते सांगते. अन्वी शिकायला बाहेर पडली आणि नंतर इंगोलश्टाटला नोकरीला लागली. रिकाम्या घरात मी कोरियन मालिका बघू लागले. एक बघितली, दुसरी बघितली, मग वेडच लागलं. चार शब्द शिकले, किमची घालायला लागले. (बरणीवर यांची तारीख आणि वेळ.) एकदा तरी सोलला जायचंच असं ठरवलं. पहिल्यांदा तिकिटं काढली तेव्हा यांच्या लॅबमध्ये काही तरी जळलं. दुसऱ्यांदा काढली तेव्हा आत्या न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि हे सोलऐवजी मिरजेला गेले. जायलाच हवं होतं. मीच बॅग भरून दिली. पण बॅग भरताना मी एकही शब्द बोलले नाही, आणि यांना ते कळलं.

म्हणून गेल्या सप्टेंबरात यांनी स्वतःहून फ्रँकफर्टचं काढलं. फ्रँकफर्टला कोरियन वस्ती बरीच, खाणावळी, दुकानं, सगळं आहे. त्या शनिवारी तिथल्या एका हॉलमध्ये कोरियन लोकांचा मेळाही होता. "सोल नाही तर नाही, विभा, दीड दिवस फ्रँकफर्ट," हे म्हणाले. "शनिवारी सकाळी निघू, रविवारी संध्याकाळी परत."

"एका अटीवर," मी म्हटलं. "तुमचा फोन बंद. माझ्या पर्समध्ये. लॅब नाही, मिरज नाही, कोणी नाही. आत्यांचा रविवार सोमवारी करा."

"गेनाऊ, अगदी बरोबर," हे हसून म्हणाले आणि फोन बंद करून त्यांनी माझ्या हातात दिला. अट माझी होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

आठच्या गाडीत बसलो. वुर्त्सबुर्ग मागे पडलं तेव्हा हे कॉफी आणायला गाडीतल्या बिस्त्रोकडे गेले होते. मी माझा फोन काढला. शुभाचे तीन मिस्ड कॉल आणि खाली मेसेज. 'वहिनी, आई गेली. साडेअकराला. झोपेतच. दादाचा फोन बंद आहे. साडेचारला नेणार. त्याआधी त्याला व्हिडिओवर दर्शन घ्यायला सांग. पाच मिनिटं पुरे.'

मला वाईट वाटलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. वाईट वाटलं, पण नंतर. माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'आजच?'

मग मी हिशेब केला, घड्याळाचा. तिकडचे साडेचार म्हणजे इकडचा एक. अजून चार तास होते. मेसेजला मी 'हो, सांगते' असं उत्तर दिलं. खरंच सांगणार होते. कॉफी आणली की सांगू, असं ठरवलं. कॉफी आली. हे समोर बसले आणि त्या मेळ्याचं पत्रक उघडून दोन्ही हातांनी मला समजावू लागले की आधी कुठला कोपरा, मग कुठला. पत्रकावर यांनी पेनाने खुणा केल्या होत्या. माझ्या आवडीच्या गोष्टींना. सांगितलं असतं तर पुढच्या स्टेशनवर आम्ही उतरलो असतो, उलटी गाडी पकडली असती, आणि दुपारी मी न्युरेम्बर्गच्या स्वयंपाकघरात वरणभाताचा कुकर लावत असते. असं मी धरून चालले. यांना विचारलं नाही.

मग मी शास्त्र काढलं. एरवी मला एकादशी कधी ती आठवत नाही, पण त्या दिवशी आईच्या तोंडचं सगळं लख्ख आठवलं. लग्न झालेली आत्या परगोत्रातली. तिचं सुतक भाच्याला दहा दिवस नसतंच, दीड दिवस. दीड दिवसाचं सुतक आणि दीड दिवसाची सहल. सोमवारी सांगितलं तरी काय बिघडलं, असं मी स्वतःला पटवलं. सोयीपुरतं शास्त्र माणसाला किती पटकन सुचतं.

मेळा छान होता. हे लिहायलाही लाज वाटते, पण खरंच छान होता. ढोल वाजवणाऱ्या बायका, कागदाचे पंखे, गरम तव्यावरची गोड पोळी, तिच्यात गूळ आणि दालचिनी. मी दोन खाल्ल्या. एका कोपऱ्यात त्यांचा हानबोक नावाचा पोशाख घालून फोटो काढायची सोय होती. घेरदार गुलाबी परकर, वर आखूड पोपटी चोळी. मी मालिकांमध्ये तो हजारदा बघितला होता. तिथल्या मुली मला तो नेसवत होत्या तेवढ्यात पर्समध्ये माझा फोन थरथरला. पाऊण वाजला होता.

मी परकर सावरत पडद्यामागे गेले. शुभा होती. मागे माणसांचा आवाज येत होता.

"वहिनी, दादा कुठाय? आता आंघोळ घालून झालीय. व्हिडिओ लावू?"

"अगं, ते कामावर आहेत. लॅबमध्ये. आत फोन नेता येत नाही ना."

"शनिवारी पण?"

"हो, टेस्ट चालू आहे. मी निरोप ठेवलाय, पण बाहेर आल्याशिवाय..." वाक्य मी पुरं केलं नाही. खोटं बोलताना अर्धवट सोडलेली वाक्यं खरी वाटतात.

शुभा म्हणाली, "असू दे. मी आईच्या कानात सांगते, दादा कामावर आहे म्हणून. तिला कळेल. त्याच्या कामाचं तिला फार कौतुक होतं."

फोन ठेवल्यावर मी तो फ्लाइट मोडवर टाकला. पडद्याबाहेर आले. हे उभेच होते, मला बघून यांचे दोन्ही हात वर गेले. "विभा, अगं, काय दिसतेस," म्हणाले. मी फोन यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "काढा फोटो." यांनी पाच-सहा काढले. हसायला सांगितलं तेव्हा मी हसले. खोटं नाही, मनापासून हसले, कारण बायकोकडे असं बघणारा नवरा समोर असला की हसू येतं. तेच मला अजून माफ करता येत नाही.

दोनला जेवायला बसलो. गल्लीतली लहान खाणावळ. मालकीण फ्राउ युन म्हणून सत्तरी उलटलेल्या कोरियन आजी. सत्तरच्या दशकात नर्स म्हणून जर्मनीत आल्या, निवृत्तीनंतर मुलीबरोबर ही खाणावळ काढली. टोफूचं झणझणीत कालवण, लहान लहान वाट्यांतून भाज्या आणि झाकणाच्या वाटीत पांढराशुभ्र भात. यांना भात दिसला, यांनी चमचा रोवला आणि ढोलांबद्दल बोलायला हात मोकळे केले.

फ्राउ युन लगबगीने आल्या. "नाइन, नाइन," असं नको म्हणत त्यांनी हलक्या हाताने चमचा काढून आडवा ठेवला. मग रागावल्यासारखं वाटू नये म्हणून समजावून सांगितलं. आमच्यात असं मेलेल्या माणसासाठी करतात, म्हणाल्या. वर्षाच्या दिवशी पान वाढायचं, भाताची वाटी ठेवायची आणि तिच्यात चमचा उभा करायचा. म्हणजे त्यांना कळतं, हे आपल्यासाठी आहे, आता जेवायला हरकत नाही. जिवंत माणसाने करू नये.

मी माझा चमचा खाली ठेवला. यांना मात्र ते फार आवडलं. "आल्झो, असं आहे होय," म्हणाले. मग मला मराठीत, "आत्या पण मारायची गं हातावर. भाताच्या मुदीत चमचा उभा करायचा नाही म्हणून. का ते मात्र कधी सांगितलं नाही. सोमवारी विचारतो तिला."

"जेवा आता," मी म्हटलं.

चारच्या सुमाराला हॉटेलवर गेलो. बुकिंग यांच्या फोनवर होतं, हे माझ्या डोक्यातून गेलंच होतं. काउंटरवरच्या मुलीने ते मागितलं तेव्हा आठवलं. पर्समधून फोन काढून दिला. यांनी चालू केला, बुकिंग दाखवलं, क्षणभर स्क्रीनकडे बघितलं, आणि बंद करून परत माझ्याकडे दिला. "अट म्हणजे अट," म्हणाले. सुटले, मी मनात म्हटलं.

"तू जा तुझ्या दुकानात," खोलीत गेल्यावर म्हणाले. "मी जरा पडतो."

त्या दुकानाचं मी महिनाभर बोलत होते. चेहऱ्याला लावायचे कागदी मास्क, तांदळाच्या पाण्याचं क्रीम, सागरगोट्यांएवढ्या डब्या. तासभर मी ते सगळं हुंगत फिरले. परत आले तर हे खिडकीशी बसले होते आणि केस ओले होते.

"आत्ता आंघोळ?"

"घाम आला होता."

बाहेर थंडी पडायला लागलेली, माझ्या अंगावर स्वेटर. आणि हा माणूस अठ्ठावीस वर्षांत संध्याकाळी एकदाही न्हायलेला नाही. मला कळायला हवं होतं. आपल्याकडे माणूस संध्याकाळी डोक्यावरून पाणी कधी घेतो, हे दीड दिवसाचं शास्त्र आठवणाऱ्या बाईला कळू नये? पण मी पिशवीतल्या डब्या पलंगावर मांडत होते. यांनी एकेक हातात घेऊन विचारलं, ही कशाची, ही कशाची.

रात्रीचं जेवण टेबलावरच्या शेगडीवर मांस भाजून खायचं होतं. आधीपासून ठरलेलं. हे म्हणाले, "मी नुसता भात खातो गं आज." मी वैतागले. "तुमचं नेहमीचंच. माझं काही आलं की तुमचं पोट बिघडतं." हे हसले आणि माझ्यासाठी मांसाचे तुकडे उलटत राहिले.

रविवारी दुपारच्या जेवणाला मी दुसरी खाणावळ काढून ठेवली होती. हे म्हणाले, "कालच्याच आजींकडे जाऊ या?" गेलो. दोघांचं जेवण मागवलं आणि यांनी वर एक जास्तीची भाताची वाटी मागितली. ती आल्यावर टेबलाच्या तिसऱ्या बाजूला, जिथे कोणी बसलं नव्हतं तिथे ठेवली. झाकण काढलं. आणि चमचा घेऊन हळूच, मधोमध, उभा केला.

यांचे हात मांडीवर होते. हलत नव्हते.

फ्राउ युन आतून बघत होत्या. या वेळी त्या नाइन म्हणाल्या नाहीत. एका लहान वाटीत पाणी आणून त्यांनी ते भाताशेजारी ठेवलं आणि मान लववून गेल्या.

"विभा," हे म्हणाले, "घरी गेल्यावर सांगणार होतो. पण इथे आलो आणि राहवेना. आत्या गेली काल. हॉटेलात फोन चालू केला तेव्हा शुभाचा मेसेज दिसला. 'आई गेली, फोन कर,' एवढाच. मी केला नाही. केला असता तर रडलो असतो, आणि तुला कळलं असतं. तू केवढी आनंदात होतीस. दोनदा तुझं सोल बुडवलं मी. म्हटलं, एक दिवस तरी तुझा पुरा होऊ दे."

आणि त्यांनी माझा हात धरला. मला धीर द्यायला.

तेव्हा मी गप्प बसले असते तर चाललं असतं. शुभाला मी नंतर कसंही गुंडाळलं असतं. यांनी कधी उलटतपासणी घेतली नसती. तो सगळा विचार मी तिथे बसून केला, हात यांच्या हातात असताना. मग मी हात सोडवून घेतला, कारण धरलेल्या हाताने ते बोलणं शक्य नव्हतं.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "गाडीतच. वुर्त्सबुर्गनंतर. तुम्ही कॉफी आणायला गेला होतात."

मी थांबले नाही.

"शुभाचा फोन पण आला होता. दर्शन घ्यायला सांगत होती. मी म्हटलं, तुम्ही कामावर आहात. फोन आत नेता येत नाही." आणि मग तेही सांगितलं, कारण अर्धं सांगून चालणार नव्हतं. "तिने आत्यांच्या कानात सांगितलं. दादा कामावर आहे म्हणून."

"कामावर," हे म्हणाले. तेवढाच शब्द.

मग विचारलं, "किती वाजता नेलं?"

"साडेचारला. आपल्या एकला."

यांनी माझा फोन मागितला. कालचे फोटो काढले, त्यातला एक उघडला, वर बोट सरकवून खालचे बारीक आकडे वाचले. १३:०४. गुलाबी परकर, पोपटी चोळी, आणि मी दात दाखवून हसते आहे. मला वाटलं आता तरी हे रागावतील. रागावले असते तर मला खूप बरं वाटलं असतं.

"चांगला आलाय," म्हणाले आणि फोन परत दिला.

उभ्या चमच्याच्या वाटीतला भात निवेपर्यंत आम्ही बसून होतो. परतीच्या गाडीत यांनी शुभाशी बोलून घेतलं. शुभाला काय सांगितलं असेल? "हो गं, कामावर होतो," एवढं मी ऐकलं. माझं खोटं यांनी आपल्या अंगावर घेतलं. मी खिडकीतून बाहेर बघत रडले, आणि पुसायला पर्स उघडली तर वर त्या क्रीमच्या डब्या.

वुर्त्सबुर्ग जवळ आलं तेव्हा हे एकदाच बोलले. आवाज चढला नाही. "तू विचारायला हवं होतंस, विभा. मी उलट फिरलो नसतो. घरी येऊन काय करणार होतो, आत्या मिरजेत होती. पाच मिनिटं दर्शन घेतलं असतं, कुठेतरी कडेला बसून. आणि मग तुझा फोटोही काढला असता."

अठ्ठावीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्या नवऱ्याला मी ओळखते असं समजत होते. ओळखत असते तर विचारलं असतं.

त्यानंतर घरात काही बदललं नाही, म्हणजे भांडण झालं नाही, अबोला झाला नाही. रविवारी सकाळी हे शुभाला फोन करतात. फक्त जेवताना आता चमचा ताटात आडवा असतो. आणि हात मोकळे नसल्यामुळे असेल, बोलणं कमी झालं आहे. एकदा मीच म्हटलं, "रोवा हो चमचा, घरात कोण बघतंय?" यांनी नाही म्हणून मान हलवली आणि जेवत राहिले.

तो फोटो मी परत बघितलाही नसता. पण सहलीच्या शनिवारीच, हॉटेलच्या वायफायवरून, मी तो अन्वीला पाठवला होता. तिला काही माहीत नाही. दिवाळीला ती इंगोलश्टाटहून आली ती तो मोठा करून, चौकटीत बसवून. 'ममा, झो ग्ल्युक्लिश,' किती सुखी दिसतेस, असं म्हणत तिने स्वतः हॉलच्या भिंतीला खिळा मारला. यांनी शिडी धरली होती. मी यांच्याकडे बघितलं, हे खिळ्याकडे बघत होते.

आता घरी कोणीही आलं की त्या फोटोपाशी थांबतंच. परवा फ्रँकफर्टच्या, आमच्या ओळखीच्या वासंतीताई आल्या होत्या. "अगंबाई, काय गोड आलाय. कोणी काढला?"

"मीच," हे म्हणाले.

"कधीचा?"

"सत्तावीस सप्टेंबर. दुपारी एक वाजून चार मिनिटं."

वासंतीताई हसल्या. इंजिनिअर नवऱ्याचं हे असंच, मला म्हणाल्या. आणि मी चहा टाकायला आत गेले.